वाकडं पाऊल कुणाचं, हे ठरवतं कोण?

मराठीत ‘वळण’ या शब्दाला दोन तोंडं आहेत. मुलाला चांगलं वळण लागलं, असं आपण कौतुकाने म्हणतो आणि पोरगं वाईट वळणाला लागलं, असंही हळहळून म्हणतो. दोन्हीकडे गृहीत एकच असतं: कुठेतरी एक रस्ता आखलेला आहे आणि माणसाने त्यावरून चालायचं आहे. हा आखलेला रस्ता सोडण्याला समाजशास्त्रात विचलन म्हणतात. माणसाने तो सोडू नये, सोडलाच तर परत यावा, यासाठी बाकीचे जे जे करतात त्याला सामाजिक नियंत्रण म्हणतात. शब्द जड आहेत, पण त्यांचा अनुभव आपल्याला रोजचा आहे.

डाव्या हाताचंच घ्या. ‘डावलणं’, ‘डावं-उजवं करणं’... भाषेनेच या हाताला कमी लेखलेलं आहे. विसाव्या शतकातही बराच काळ जगातल्या कितीतरी शाळांत डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या बोटांवर पट्टी बसायची, कुठे तो हात बांधूनही ठेवायचे. त्या मुलाने कुणाचं काही बिघडवलेलं नसायचं. तरी शिक्षक, आईवडील, बरोबरची मुलं असे सगळे मिळून त्याचा हात ‘सुधारायला’ निघायचे. पुढे बऱ्याच ठिकाणी ही पट्टी थांबली. मुलं तशीच होती, हातही तोच होता, बघणाऱ्यांची नजर तेवढी बदलली.

अशी उदाहरणं हवी तितकी सापडतात. अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारू बनवणं आणि विकणं गुन्हा होता. त्याआधीच्या दशकांत देशभर तो गुन्हा नव्हता आणि 1934 मध्ये पुन्हा नव्हता. समलैंगिकता हा आजार असल्याचं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत छापलेलं होतं, ते 1973 मध्ये काढून टाकण्यात आलं. जागतिक आरोग्य संघटनेला तेच करायला 1990 उजाडलं. म्हणून विचलन आणि गुन्हा यांची गल्लत करू नये. कायदा मोडणारी प्रत्येक गोष्ट लोकांना वावगी वाटत नाही आणि लोकांना वावगी वाटणारी प्रत्येक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नसते.

‘रक्तातच आहे’ या उत्तराचं काय झालं?

माणूस वाकडा का वागतो, या प्रश्नाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात सोयीचं उत्तर म्हणजे ‘त्याच्या रक्तातच आहे’. खाण तशी माती. चेझारे लोंब्रोझो या इटालियन डॉक्टरने 1876 मध्ये या समजुतीला विज्ञानाचा पोशाख चढवला. कैद्यांच्या कवट्या, जबडे, कान, हातांची लांबी मोजून त्याने ‘जन्मजात गुन्हेगार’ असा मनुष्यप्रकारच असल्याचं सांगितलं. पुढे चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरने सुमारे 3000 कैद्यांची मोजमापं घेऊन ती तुरुंगाबाहेरच्या लोकांशी ताडून पाहिली आणि 1913 मध्ये निष्कर्ष छापला की असा वेगळा शारीरिक साचा काही दिसत नाही. सिद्धान्त पडला, पण समजूत अजून जिवंत आहे. कुणाचा चेहरा पाहून ‘हा बघूनच गुन्हेगार वाटतो’ असं आपण म्हणतो, तेव्हा लोंब्रोझोच बोलत असतो.

समाजशास्त्राने प्रश्नच दुसऱ्या टोकाने धरला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाईम याने 1895 मध्ये वाचकांपुढे एक कल्पना ठेवली. समजा, एका मठात केवळ संतच राहतात. तिथे चोरी नाही, मारामारी नाही. मग तिथे कुणाचंच काही चुकणार नाही का? दुर्खाईम म्हणतो, चुकेल. बाहेरच्या जगात ज्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही, अशा बारीकशा चुकीचा तिथे गहजब होईल. म्हणजे नियम आहेत तिथे नियमभंग असणारच; तो पूर्ण संपलेला समाज कुठेच सापडायचा नाही. त्याचं पुढचं म्हणणं आणखी बोचरं आहे. कुणी नियम मोडला की बाकीचे एकत्र येतात, संतापतात, शिक्षा करतात, आणि त्यातून ‘आपण कोण, आपली हद्द कुठवर’ हे त्यांचं त्यांनाच नव्याने कळतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन याने 1966 मध्ये हाच धागा धरून सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीचा इतिहास तपासला. त्या धर्मनिष्ठ वस्तीत काही दशकांच्या अंतराने नवे शत्रू सापडत गेले: आधी धर्ममताचा वेगळा अर्थ लावणारे, मग क्वेकर पंथीय, आणि 1692 मध्ये तिथल्याच सेलम गावच्या ‘चेटकिणी’. त्या वर्षी 19 जणांना फासावर चढवलं आणि एकाला दगडांच्या ओझ्याखाली चिरडून मारलं. वस्तीला आपल्या हद्दीबद्दल जेव्हा जेव्हा शंका वाटली, तेव्हा तेव्हा हद्दीबाहेरचं कुणीतरी तिने शोधून काढलं.

दुर्खाईमचा दुसरा मोठा शब्द म्हणजे अनॉमी. जुने नियम सैल झाले आहेत, नवे अजून बसलेले नाहीत, किती हवं आणि कुठे थांबायचं हे सांगणारं कुणी नाही, अशी समाजाची अवस्था. 1897 मध्ये आत्महत्यांच्या आकडेवारीचा अभ्यास करताना त्याला दिसलं की मंदीत आत्महत्या वाढतात तशा अचानक आलेल्या भरभराटीतही वाढतात. गरिबी हेच कारण असतं तर भरभराटीत त्या कमी व्हायला हव्या होत्या. घात उलथापालथीने होतो, हे त्याने दाखवून दिलं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने 1938 मध्ये हा शब्द अमेरिकेतल्या मंदीच्या काळात नव्याने वापरला. तो म्हणाला, समाज आपल्या सगळ्यांना एकच स्वप्न विकतो: श्रीमंत व्हा, यशस्वी व्हा. पण तिथवर जायच्या सरळ वाटा सगळ्यांना सारख्या उघड्या नसतात. या ताणात माणसं वेगवेगळी वागतात. बहुतेक जण स्वप्नही मानतात आणि वाटही सोडत नाहीत. काही जण स्वप्न धरून ठेवतात, पण वाट वाकडी घेतात. चोर, फसवणूक करणारे यांतलेच. काही जण स्वप्न मनातून केव्हाच सोडून देतात आणि नियम तेवढे घट्ट धरून बसतात. ‘हा अर्ज या नमुन्यात नाही’ म्हणून समोरच्या माणसाला चौथ्यांदा परत पाठवणारा कर्मचारी आठवा. त्याला आपण विचलित म्हणत नाही, पण मर्टनने त्याला त्याच तक्त्यात बसवलं आहे. काही जण दोन्ही सोडून बाजूला होतात, व्यसनात बुडतात. आणि काही जण म्हणतात की हे स्वप्नच चुकीचं आहे, दुसरं आणू, ते बंडखोर. मला मर्टनची ही मांडणी आवडते, कारण चोर आणि बंडखोर यांना ती एका मापाने मोजत नाही. पण तिच्यात एक मोठं भोक आहे. सगळ्या वाटा उघड्या असलेले श्रीमंत लोक गुन्हे का करतात?

ते भोक एडविन सदरलँडने 1939 मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना दाखवलं. ‘पांढरपेशा गुन्हा’ हा शब्दप्रयोग तिथून रूढ झाला. पुढे त्याने 70 मोठ्या कंपन्यांची कागदपत्रं तपासली. त्यांच्याविरुद्ध न्यायालयं आणि सरकारी आयोग यांचे मिळून 980 निर्णय गेलेले होते, म्हणजे सरासरी प्रत्येकीमागे 14. हे पुस्तक 1949 मध्ये निघालं तेव्हा बदनामीच्या दाव्यांच्या धास्तीने त्यातून कंपन्यांची नावं गाळावी लागली. नावांसह ते छापलं गेलं 1983 मध्ये, लेखक जाऊन तेहतीस वर्षं झाल्यावर. साध्या चोराचं नाव वर्तमानपत्रात यायला एक रात्र पुरते, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सदरलँडचं स्पष्टीकरण आपल्या भाषेत एका म्हणीत मावतं: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. गुन्हा शिकावा लागतो, आणि तो जवळच्या माणसांकडून शिकला जातो. हातचलाखी तर शिकतातच, पण तिच्याहून महत्त्वाचं म्हणजे मनाला पटवायचं कसं, हे शिकतात. कंपनीत नव्याने लागलेला तरुण ‘इथे सगळे असंच करतात’ हे पहिल्या महिन्यात शिकतो, अगदी तसंच.

मनाला पटवण्याच्या या रीती ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड माट्झा यांनी 1957 मध्ये बाल-गुन्हेगारांच्या बोलण्यातून टिपल्या. ‘माझा नाइलाज होता.’ ‘त्यात कुणाचं काय गेलं?’ ‘त्याची तीच लायकी होती.’ ‘मला सांगणारे तुम्ही कोण, आधी स्वतःकडे बघा.’ ‘मित्रासाठी केलं, मग काय त्याला एकटं सोडायचं होतं?’ ही पाच वाक्यं सावकाश वाचा. यातलं एकही वाक्य आयुष्यात कधी वापरलं नाही असा माणूस मला भेटलेला नाही. दोघांचा मुद्दाही तोच होता: नियम मोडणाऱ्याला बहुतेकदा नियम मान्य असतो. मान्य नसता तर त्याला सबब शोधावी लागली नसती.

शिकागोच्या क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी मात्र माणसाकडे न बघता नकाशाकडे पाहिलं. शहराच्या मध्याजवळच्या काही वस्त्यांत बालगुन्हेगारीचं प्रमाण दशकानुदशकं जास्तच राहिलं होतं. तिथे आधी एका देशातून आलेले लोक राहत, ते सावरल्यावर निघून गेले, दुसऱ्या देशातले आले, तेही गेले. माणसं बदलली, वस्तीचा आकडा बदलला नाही. आणि बाहेर पडलेल्या कुटुंबांनी तो आकडा बरोबर नेला नाही. ‘अमुक लोकच तसले’ म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

आठ ‘सज्जन’, सहा ‘गुंड’

इथवरचे सगळे जण एकच प्रश्न विचारत होते: त्याने असं का केलं? 1960 च्या दशकात काही समाजशास्त्रज्ञांनी विचारलं, त्याने केलं ते राहू द्या. पण ते चूक आहे हे कुणी ठरवलं आणि पकडलं कुणाला? हॉवर्ड बेकर हा त्यांतला ठळक माणूस. हा शिकागोच्या बारमध्ये जॅझ पियानो वाजवायचा. ज्यांना जग वाया गेलेले म्हणे त्यांच्यात बसून त्याने ते जग पाहिलं होतं. 1963 मध्ये त्याने मांडलेल्या मुद्द्याचा आशय असा की विचलन हा कृतीच्या अंगचा गुण नसतो. लोक नियम करतात, तो काही जणांना लावतात आणि त्यांच्यावर शिक्का मारतात, त्यातून विचलन तयार होतं.

हे ऐकायला शब्दांचा खेळ वाटतं. विल्यम चॅम्ब्लिसने 1973 मध्ये छापलेला अभ्यास वाचला की वाटेनासं होतं.

चॅम्ब्लिसने एका अमेरिकन शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. एकात आठ मुलं, चांगल्या खात्यापित्या घरांतली, बहुतेकांना गुण उत्तम. त्यांना त्याने नाव दिलं ‘सेंट्स’, म्हणजे सज्जन. दुसऱ्यात सहा मुलं, गरीब घरांतली. ती ‘रफनेक्स’, म्हणजे गुंड. आठ सज्जन जवळपास रोज काहीतरी थाप मारून तासांना दांडी मारायचे. शनिवार-रविवारी गाडी काढून शेजारच्या मोठ्या शहरात जायचे, दारू प्यायचे, तशीच गाडी हाकायचे. रस्त्याच्या दुरुस्तीसाठी खणलेल्या खड्ड्याभोवतीचे अडथळे ते रात्री काढून ठेवायचे आणि आडोशाला थांबून गाड्या खड्ड्यात आदळताना बघायचे. त्यात कुणाचा जीवही जाऊ शकला असता. त्या दोन वर्षांत यांच्यातल्या एकालाही अटक झाली नाही. सहा गुंड भुरट्या चोऱ्या करायचे, प्यायचे, मारामाऱ्या करायचे. ते पोलिसांच्या तावडीत सारखे सापडायचे आणि ही पोरं वाया गेली यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. चॅम्ब्लिसच्या मते दोघांच्या उपद्व्यापांच्या एकूण प्रमाणात फार अंतर नव्हतं.

मग फरक कशाने पडला? पहिली गोष्ट दिसण्याची. सज्जनांकडे गाड्या होत्या, त्यांचे उद्योग गावाबाहेर, अंधारात चालायचे. गुंडांकडे गाडी नव्हती. ते गावाच्या ऐन मध्यावरच्या कोपऱ्यावर उभे असायचे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना बघायचा. दुसरी गोष्ट बोलण्याची. पोलिसाने थांबवलं की सज्जन मान खाली घालून ‘सर, चुकलं’ म्हणायचे. गुंड उर्मटपणा करायचे. आणि तिसरी गोष्ट, पाहणाऱ्याच्या मनात आधीपासूनच असलेला कौल. चांगल्या घरच्या मुलाने केलं तर ती वयाची मस्ती आणि गरिबाच्या पोराने केलं तर तो त्याचा स्वभाव.

या शिक्क्याचं पुढे काय होतं, ते एडविन लेमर्टने 1951 मध्येच सांगितलं होतं. पहिली चूक सगळेच करतात. ती विरून जाते. पण त्या चुकीवरून माणसाला नाव पडलं, सगळे त्याच्याशी त्या नावाने वागू लागले, चांगली संगत त्याच्यापासून दूर झाली, की तो स्वतःलाही त्याच नावाने ओळखू लागतो. पुढच्या चुका मग त्या नावातून येतात. वर्गात काही हरवलं की सगळ्या माना एकाच बाकाकडे वळतात. त्या बाकावर बसलेल्या मुलाचं काय होत असेल, हे ज्याने एकदा जवळून पाहिलं आहे त्याला लेमर्ट वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शिक्क्याच्या सिद्धान्ताची मर्यादाही इथेच सांगतो, कारण त्याचे उत्साही भक्त ती विसरतात. पहिली चूक मुळात का झाली, हे हा सिद्धान्त सांगत नाही. आणि ज्याचं घर लुटलं गेलं किंवा जिच्यावर अत्याचार झाला, तिचं दुःख शिक्क्यातून तयार झालेलं नसतं. नियम कुणीतरी ठरवलेले असतात हे खरं, पण म्हणून सगळेच नियम मनमानी ठरत नाहीत.

आपण नीट का वागतो?

ट्रॅव्हिस हर्शीने 1969 मध्ये प्रश्न उलटा फिरवला. माणूस नियम का मोडतो यात नवल काय. बहुतेक जण बहुतेक वेळा तो पाळतात कसे, हे सांगा. त्याचं उत्तर चार धाग्यांचं आहे. आपली माणसं, ज्यांना दुखवायला जीव धजत नाही. आपण गुंतवलेलं काही, म्हणजे शिक्षण, नोकरी, नाव. कामात गुंतलेला वेळ. आणि नियम रास्त आहेत हा विश्वास. हे धागे तुटलेल्या माणसाला गमावण्यासारखं काही उरत नाही. रॉबर्ट सँपसन आणि जॉन लॉब यांनी बॉस्टन परिसरातल्या 500 बालगुन्हेगारांची 1940 च्या सुमारास जमवलेली जुनी टिपणं शोधून काढली आणि त्यांतल्या काही जणांना थेट म्हातारपणी जाऊन गाठलं. बहुतेकांनी गुन्हेगारी सोडली होती. ज्यांची वाट वळली, त्यांच्या हकिगतींत पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी साध्या होत्या: टिकलेलं लग्न, बरी नोकरी, सैन्यातली भरती.

नियंत्रण म्हटलं की पोलीस, न्यायालय, तुरुंग डोळ्यांपुढे येतात, पण तो हिमनगाचा वरचा तुकडा. रोजचं नियंत्रण रांगेत दिसतं. कुणी मध्येच घुसलं की आधी घसा खाकरला जातो, मग भुवया उंचावतात, मग कुणीतरी म्हणतं, ‘अहो, मागे रांग आहे.’ मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये 129 रांगांत मुद्दाम माणसं घुसवून पाहिली. सर्वांत जास्त आक्षेप घुसखोराच्या लगेच मागे उभ्या असलेल्याने घेतला. नियम मोडलेला सगळ्यांना दिसतो, पण बोलायचं कुणी, याचाही एक अलिखित नियम असतो.

‘चार लोक काय म्हणतील’ मधले ते चार लोक कधीच समोर येत नाहीत, तरी आयुष्यभर आपल्याला वळण लावत राहतात. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याने अठराव्या शतकाच्या अखेरीस असाच एक तुरुंग कल्पिला होता: मध्ये मनोरा, भोवती गोल कोठड्या, मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला कधीच कळू नये. मग तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको याने 1975 मध्ये या मनोऱ्यात आधुनिक समाजाचंच चित्र पाहिलं. 1757 मध्ये पॅरिसच्या भर चौकात राजाच्या हल्लेखोराचे हाल हाल करून त्याला मारलं गेलं; शंभर वर्षांच्या आत शिक्षा भिंतीआड गेली आणि तिथे वेळापत्रक, तपासणी, नोंदवही आली. आज खिशातला फोन ही नोंदवही भरत असतो.

आणि नोंद पुसता येत नाही, हाच तिचा सगळ्यात क्रूर भाग आहे. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने मिलवॉकी शहरात तरुणांना सारख्याच पात्रतेचे अर्ज देऊन नोकऱ्या मागायला पाठवलं. फरक एवढाच की काहींच्या अर्जात तुरुंगवासाचा उल्लेख होता. 2003 मध्ये छापलेले आकडे असे: डाग नसलेल्या गोऱ्या तरुणांना 34 टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं, डाग असलेल्यांना 17 टक्के ठिकाणांहून. डाग नसलेल्या काळ्या तरुणांना 14 टक्के आणि डाग असलेल्यांना 5 टक्के. म्हणजे कसलाही गुन्हा न केलेल्या काळ्या तरुणापेक्षा तुरुंगातून सुटलेल्या गोऱ्या तरुणाला जास्त ठिकाणी दार उघडलं. एक शिक्का कागदावर होता, दुसरा कातडीवर.

ऑस्ट्रेलियातल्या जॉन ब्रेथवेट यांनी 1989 मध्ये लाज वाटायला लावण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एकात माणसाला सांगतात, ‘तू केलंस ते वाईट आहे, पण तू आमचा आहेस,’ आणि त्याला परत आत घेतात. दुसऱ्यात त्या माणसालाच वाईट ठरवून वाळीत टाकतात. वाळीत टाकलेला माणूस मग वाळीत टाकलेल्यांतच जाऊन मिसळतो आणि सदरलँडची शाळा तिथे सुरू होते.

चॅम्ब्लिसने पुढे त्या चौदा मुलांचाही माग काढला होता. आठ सज्जनांपैकी सात जण शिकायला कॉलेजात गेले. सहा गुंडांपैकी दोघे खुनाच्या शिक्षेत तुरुंगात होते, एक जुगाराच्या धंद्यात, एकाचा धड पत्ता लागला नाही. उरलेले दोघे फुटबॉल चांगलं खेळायचे. त्या जोरावर त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, आणि ज्या शाळेच्या दृष्टीने ते कालपर्यंत वाया गेलेले होते तिने त्यांना निरोप दिला तो आपले खेळाडू म्हणून. दोघेही पुढे शाळेत शिक्षक झाले आणि मुलांना खेळ शिकवू लागले.